परमुलखातले देणे

फुकेत, क्राबी, पट्टाया, कोह सामुई, यांपैकी कुठेही उतरलात तरी हॉटेलबाहेर भाड्याच्या स्कूटरींची रांग दिसते. दिवसाचे भाडे दोन-तीनशे बाथ, म्हणजे आपले पाच-आठशे रुपये. दुकानदार लायसन्स विचारेलच असे नाही. पासपोर्ट मात्र हटकून मागतो. गाडी आपल्या ॲक्टिव्हासारखी, वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, रस्ते आपल्यापेक्षा गुळगुळीत. पुण्या-नाशिकहून गेलेल्या मुलाला वाटते, कॉलेजपासून गाडी चालवतोय, यात नवीन काय? नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली. आता ऑफिसचे गट, कॉलेजचे मित्र, नुकतीच लग्न झालेली जोडपी लोणावळ्याला जावे तितक्या सहजपणे तिकडे जातात आणि तितक्याच सहजपणे स्कूटरची किल्ली हातात घेतात.

जाण्याआधी घरात सगळ्याची चर्चा होते. शाकाहारी जेवण कुठे मिळेल, सिम कार्ड कुठले घ्यायचे, स्वतःला काही लागले-खुपले तर इस्पितळ कोणते. एक प्रश्न मात्र कुणी काढत नाही: आपल्या गाडीखाली तिथला माणूस आला तर? कुणी काढलाच, तर उत्तर तयार असते. चार नोटा हातात कोंबायच्या, पोलीस यायच्या आत सटकायचे आणि प्रकरण मोठे असेल तर मिळेल त्या विमानाने घर गाठायचे. ‘तिकडे आपल्याला कोण ओळखतं?’ हे वाक्य मी शिकलेल्या, सज्जन, एरवी रांगसुद्धा न मोडणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. त्यांना तो व्यवहारी सल्ला वाटतो. मला तो अनीतीचा सल्ला वाटतो, आणि तो इतक्या साळसूदपणे दिला जातो म्हणूनच त्यावर उघड बोलले पाहिजे.

आधी हे पाहू की त्या रस्त्यावर आपल्यासमोर येतो कोण. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या अहवालात थायलंडमधल्या रस्त्यांवरच्या मृत्यूंचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला 32.7 इतके दिले होते. जगातल्या सर्वांत वाईट आकड्यांत त्याची गणना झाली, आणि मरणाऱ्यांतले जवळपास चारांतले तीन जण दुचाकी-तीनचाकीवरचे होते. आपल्याला हे परके वाटू नये. भारतात 2022 मध्ये रस्त्यावर 1,68,491 माणसे गेली, त्यांतली 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. दोन्ही देशांत दुचाकी ही श्रमणाऱ्यांची सवारी आहे. पहाटे हॉटेलच्या खोल्या झाडायला निघालेली बाई, नारिंगी जाकीट घातलेला मोटारसायकल टॅक्सीवाला, गाडीच्या बाजूला जोडलेल्या डब्यात नूडल्सचे पातेले आणि गॅसची टाकी घेऊन फिरणारा विक्रेता. सुटीवर गेलेल्या आपल्यासाठी ती गाडी दिवसभराची मौज असते. समोरून येणाऱ्याचे पोट तिच्यावर चालते. त्याच्या नडगीचे हाड मोडले तर तीन-चार महिने चूल कशावर पेटणार, हा त्या अपघातातला खरा प्रश्न आहे.

यावर कुणी म्हणेल, तिथे सरकारी उपचार मिळतात आणि विमाही असतो. दोन्ही खरे. थायलंडने 2002 मध्ये सर्व नागरिकांसाठी आरोग्य योजना आणली, तीस बाथची योजना म्हणून ती ओळखली जाते. शिवाय 1992 च्या कायद्याने प्रत्येक वाहनाला सक्तीचा विमा लागतो. स्थानिक लोक त्याला ‘पो-रो-बो’ म्हणतात. चूक कुणाचीही असो, जखमीला उपचारासाठी 30,000 बाथपर्यंत रक्कम लगेच मिळते. दोष त्याचा नसल्याचे ठरले तर 80,000 पर्यंत, आणि मृत्यू झाला तर वारसांना 5,00,000 बाथ. भाड्याच्या स्कूटरींवर बहुधा एवढाच विमा असतो. आपल्याकडे थर्ड पार्टी विम्यात मृत्यूची किंवा अपंगत्वाची जी भरपाई न्यायाधिकरण ठरवते ती सहसा कंपनी देते, मग ती वीस लाख असो की साठ लाख. तिथल्या सक्तीच्या विम्याची रक्कम अशी वाढत नाही. त्या माणसाच्या चेमटलेल्या गाडीचा त्यात एक पैसाही नसतो. वरचा सगळा भार कायद्याने ज्याने धडक दिली त्याच्यावर येतो. पायी चालणाऱ्याला मोटारवाहनाने धडक दिली, तर वाहन ज्याच्या ताब्यात होते तोच थायलंडच्या दिवाणी संहितेनुसार जबाबदार धरला जातो. दैवी आपत्ती होती किंवा चूक जखमीचीच होती, हे त्याने सिद्ध केले तरच तो सुटतो.

कायदा इतका स्पष्ट आहे, पण विमानतळापाशी त्याचा हात आखडतो. समजा, थायलंडच्या न्यायालयाने नुकसानभरपाईचा हुकूमनामा दिला आणि देणारा तोवर नाशिकला परतला. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44-अ खाली काही देशांच्या न्यायालयांचे हुकूमनामे इथे थेट बजावता येतात. ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती हे देश त्या यादीत आहेत. थायलंड नाही. म्हणजे क्राबीच्या नूडल्सवाल्याने तो निकाल हातात घेऊन नाशिकच्या न्यायालयात नव्याने दावा लावायचा, मराठी वकील गाठायचा, थाई कागदांची भाषांतरे करून घ्यायची, तारखांना यायचे. हे तो करणार नाही, करूच शकणार नाही. मूळ दाव्यासाठीही तिथल्या कायद्यात सर्वसाधारणपणे एका वर्षाचीच मुदत आहे. ते वर्ष प्लॅस्टर, काठी आणि उधारी यांतच जाते.

पळून येणाऱ्याचा सगळा भरवसा या फटीवर असतो. माझे म्हणणे नेमके इथे आहे. ज्या देण्यासाठी कुणी आपल्यामागे येऊ शकत नाही, ते देणे आपण चुकते करतो की बुडवतो, एवढ्यावरच आपल्या सचोटीची परीक्षा होते. वसुलीचा धाक असलेले कर्ज तर कुणीही फेडतो. बँकेचा हप्ता चुकवला तर नोटीस येते म्हणून आपण तो वेळेवर भरतो आणि स्वतःला प्रामाणिक समजतो. परदेशी रस्त्यावर आडव्या पडलेल्या माणसाकडे नोटीस नसते, वकील नसतो, आपली भाषासुद्धा नसते.

27 ऑगस्ट 2019 रोजी इंग्लंडमध्ये क्रॉटन इथल्या हवाई तळाबाहेर घडलेला अपघात पुष्कळांना आठवत असेल. एका अमेरिकी महिलेने रस्त्याच्या चुकीच्या बाजूने मोटार नेली आणि समोरून येणारा 19 वर्षांचा मोटारसायकलस्वार मारला गेला. ती घटनास्थळी थांबली होती, ही गोष्ट नोंदवली पाहिजे. पण पुढच्या काही आठवड्यांत राजनैतिक संरक्षणाच्या आधारे ती मायदेशी निघून गेली. मुलाच्या आईवडिलांनी तीन वर्षे लढा दिला. अटलांटिक ओलांडून त्यांनी व्हर्जिनिया राज्यात दिवाणी दावा लावला, त्यात 2021 मध्ये तडजोड झाली. डिसेंबर 2022 मध्ये लंडनच्या न्यायालयाने तिला आठ महिन्यांची स्थगित कैद सुनावली, तीही ती अमेरिकेतून दूरदृश्य पडद्यावर हजर असताना. त्या आईवडिलांच्या पाठीशी सबंध देशातली वर्तमानपत्रे होती, लोकांनी वर्गणी काढून खर्च उचलला होता, आणि भाषा दोन्हीकडे इंग्रजीच होती. एवढे असूनही तीन वर्षे गेली. रस्त्यावर थांबणे ही जबाबदारीची सुरुवात झाली. पुढचे दिवस, पुढचे महिने तिथे आपला शब्द शिल्लक राहिला पाहिजे.

आपला संताप कुठे जागा होतो, हेही एकदा तपासून पाहावे. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला महागड्या मोटारीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. बाल न्याय मंडळाने चालवणाऱ्या मुलाला जामीन देताना अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, रक्ताचे नमुने बदलल्याचे प्रकरण निघाले, आणि सारा महाराष्ट्र पेटून उठला. योग्यच झाले. बँकॉकने असाच संताप त्याआधी अनुभवला आहे. सप्टेंबर 2012 मध्ये रेड बुल पेयाच्या धनाढ्य घराण्यातल्या एका वारसाच्या फेरारीने मोटारसायकलवरच्या पोलिसाला धडक दिली. घरच्यांशी पैशांची तडजोड झाली, तारखा पुढे ढकलल्या गेल्या, 2017 मध्ये तो देशाबाहेर गेला. 2020 मध्ये सरकारी वकिलांनी आरोप मागे घेतल्याची बातमी आली तेव्हा थाई जनता खवळली. पैसेवाला माणूस गरिबाला उडवतो आणि विमानात बसून जातो, हे त्या देशाच्या मनात सलणारे शल्य आहे. फुकेतच्या रस्त्यावर कल्याणीनगरमधल्या त्या दुचाकीस्वारांच्या जागी कोण असते आणि मोटारीतल्या पोराच्या जागी कोण? तिथे पैसेवाला आपण असतो. पंधरा हजार बाथांचा पगार मिळवणाऱ्यापुढे पाच दिवसांत लाखभर रुपये उडवणारा माणूस पैसेवालाच.

गोव्यात हे दृश्य उलट बाजूने दिसते. हणजूण-कळंगुटकडे काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या दुचाकी घेऊन देशोदेशीचे पर्यटक हिंडत असतात. त्यांतल्या कुणी आपल्या गावच्या माणसाला धडक दिली आणि दोन दिवसांत तो दाबोळीहून उडून गेला, तर आपण काय म्हणू? पोदेर सायकलवरून पाव वाटत चालला होता आणि गोऱ्या पाहुण्याने त्याला आयुष्यभराचा लंगडा करून सोडला, असेच म्हणू ना? तेव्हा त्या पाहुण्याच्या अडचणी, त्याची भाषा, त्याची रजा संपत आल्याची सबब आपल्या कानाला पोकळ वाटेल. मग आपल्या सबबी क्राबीत कशा वाटत असतील?

आपण पळतो ते नेहमी वाईट मनानेच पळतो असे नाही, हे मान्य केले पाहिजे. इकडचा अनुभव आपल्या अंगात मुरलेला असतो. अपघात झाला की जमाव जमतो, कॉलर धरली जाते, गाडी फोडली जाते, क्वचित जीवही घेतला जातो. आपल्या मोटारवाहन कायद्याच्या कलम 134 ने चालकावर जखमीला मदत करण्याचे बंधन घातले आहे. पण त्याच कलमात जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर, असा अपवादही लिहून ठेवला आहे. कायद्यालाच जमावाची दखल घ्यावी लागावी, ही आपली शोकांतिका आहे. जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी संप केला तो नव्या न्याय संहितेतल्या पळून जाणाऱ्याला दहा वर्षांच्या कैदेची तरतूद करणाऱ्या पोटकलमाविरुद्ध, आणि त्यांचे म्हणणेही हेच होते: थांबलो तर लोक मारतील. सरकारने ते पोटकलम लागू करणे लांबणीवर टाकले. ही भीती खोटी नाही. ती आपण बॅगेत भरून परदेशी नेतो, ही आपली चूक होते. तिथे अपघातानंतर बहुधा आधी पोहोचतात ते स्वयंसेवक. बँकॉकमध्ये पो तेक तुंग किंवा रुआम कतन्यू यांसारख्या धर्मादाय संस्थांची माणसे रुग्णवाहिका घेऊन धावतात. लहान शहरांतही अशी मंडळे आहेत. ज्या भीतीने इथे पाय सुटतात, तिला तिथे सहसा जागा नसते.

आणि पळणाऱ्याला तिथला कायदा क्षमा करत नाही. 1979 च्या वाहतूक कायद्याच्या कलम 78 नुसार अपघात करणाऱ्याने, चूक कुणाचीही असो, थांबले पाहिजे, मदत केली पाहिजे, जवळच्या पोलिसांना ताबडतोब कळवले पाहिजे आणि आपले नाव-पत्ता दिला पाहिजे. पळून गेला तर दोष त्याचाच, असे गृहीत धरले जाते. जखमी गंभीर असेल किंवा मेला, तर केवळ पळण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. हयगयीने मृत्यू घडवला तर दहा वर्षांपर्यंत. आपल्याकडे नव्या संहितेत हीच शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे.

तेव्हा करायचे ते साधे आहे, आणि ते हात थरथरत असतानाच करायचे असते. गाडी बंद करा. पडलेल्या माणसाजवळ जा. 1669 वर रुग्णवाहिका मिळते, 191 वर पोलीस, आणि 1155 वर पर्यटक पोलीस, ज्यांच्याकडे इंग्रजी बोलणारी माणसे असतात. डोक्याला किंवा मानेला मार असेल तर त्याला उचलून रिक्षात कोंबू नका. स्वयंसेवक येईपर्यंत सावली करा, वाहतूक वळवा. गाड्या हलवण्याआधी जागेची छायाचित्रे घ्या. मग त्याच्या मागोमाग इस्पितळात जा.

या शेवटच्या गोष्टीवर थोडे थांबतो, कारण ती कुठल्याच कायद्यात लिहिलेली नाही. अपघात करणाऱ्याने जखमीला भेटायला जावे, फळे न्यावीत, घरच्यांपुढे हात जोडावेत, दुर्दैवाने तो गेला तर अंत्यविधीला हजर राहून खर्चाला हातभार लावावा, ही थाई समाजातली अपेक्षा आहे. आपल्याला ती समजावून सांगावी लागू नये. आपल्याकडेही भांडण असलेल्या घरी मयत झाले तर माणूस चपला काढून दाराशी जाऊन बसतो. जखमीच्या खाटेशी उभे राहायला भाषा लागत नाही. जो जातो त्याच्याशी ते घर माणसासारखे बोलते; जो वकिलामार्फत आकडा पाठवतो त्याच्याशी तेही आकड्यातच बोलतात. न्यायालयसुद्धा शिक्षा ठरवताना आरोपीने पश्चात्ताप दाखवला का, झालेले नुकसान भरून काढण्याचा प्रयत्न केला का, हे पाहते; तिथल्या दंडसंहितेत तशी तरतूद आहे. पण शिक्षा कमी व्हावी म्हणून जाऊ नका. जायला हवे म्हणून जा.

इथे एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो: ‘परदेशी माणूस दिसला की तिकडे लुटतात हो. चूक त्यांची असली तरी पैसे आपल्याकडून उकळतात.’ काही ठिकाणी हे घडते, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावर पळून जाणे हा उपाय कसा ठरेल? पळालेल्याची बाजू मांडायला कुणी उरतच नाही. लुबाडणुकीपासून वाचवणारी गोष्ट म्हणजे नोंद: छायाचित्रे, आसपासच्या दुकानांतले कॅमेरे, साक्षीदार, पोलिसांची डायरी. मदत करणे वेगळे आणि कबुलीवर सही करणे वेगळे, हा फरक ध्यानात ठेवावा. जखमीला पाणी पाजल्याने, इस्पितळाची अनामत भरल्याने तुम्ही गुन्हा कबूल केला असे होत नाही. मात्र थाई लिपीतला कागद न समजता त्यावर सही करू नका. दुभाषा मागा, तो मागण्याचा हक्क तिथल्या फौजदारी कायद्यानेच दिला आहे. अटक झालीच, तर भारतीय दूतावासाला कळवण्याचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या अनुच्छेद 36 ने दिलेला आहे. कुलभूषण जाधव खटल्यात 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ज्याचा आधार घेतला तो हाच अनुच्छेद. दूतावास वकिलांची यादी देईल, घरी कळवेल, तुरुंगात भेटायला येईल. तो तुमचा दंड भरणार नाही आणि तुम्हाला सोडवूनही आणणार नाही. तशी अपेक्षा धरणे गैरच.

मग मांडवलीचे काय? आपल्याकडे ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण लहानपणापासून कानावर पडते, आणि रस्त्यावरच मिटवून टाकणारा माणूस चतुर समजला जातो. ही म्हण पीडिताच्या तोंडी शोभते, कारण न्यायाला लागणारा वेळ त्याला परवडत नाही. ज्याच्या हातून इजा झाली त्याने ती ढालीसारखी वापरू नये. रस्त्यावर हातात कोंबलेल्या पाच हजार बाथांचा हिशेब नीट पाहा. डोक्याच्या आतला रक्तस्राव कधीकधी काही तासांनी, काही दिवसांनी लक्षात येतो. तोवर तुम्ही गेलेले असता. पोलिसांत नोंद नसल्याने विम्याची पुढची भरपाई मिळवतानाही ते घर अडते. म्हणजे नोटा देऊन तुम्ही त्याचा पुढचा मार्गच बंद केलेला असतो. तडजोड जरूर करा, थाई पोलीस ठाण्यात दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून ती करण्याची रीतच आहे. किरकोळ इजेची प्रकरणे बहुधा तिथेच मिटतात. गंभीर इजा किंवा मृत्यू असेल तर भरपाई दिली तरी सरकारी खटला चालू राहतो. तडजोडीच्या कागदावर उपचार, बुडालेली मजुरी, गाडीची दुरुस्ती हे वेगवेगळे लिहून घ्या, पावती घ्या. बुडालेली मजुरी मुद्दाम म्हणतो आहे, कारण बोली लागते तेव्हा पहिली वगळली जाते ती तीच.

हे सगळे अपघातानंतरचे. देणे मात्र त्याच्या खूप आधी सुरू होते, इथे महाराष्ट्रात असतानाच. थायलंडमध्ये पर्यटकाला दुचाकी चालवायला आपल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आपल्या आरटीओकडून मिळतो, शुल्क 1,000 रुपये, मुदत एक वर्ष. अट एकच: मूळ लायसन्स दुचाकीचे असले पाहिजे. कितीतरी जणांकडे केवळ चारचाकीचे लायसन्स असते आणि घरची स्कूटर ते वर्षानुवर्षे बिनदिक्कत चालवतात. परदेशात हा ढिलेपणा फार महाग पडतो. बहुतेक प्रवास विमा पॉलिसी वैध परवान्याशिवाय दुचाकी चालवताना झालेल्या अपघाताचा खर्च नाकारतात. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी: पॉलिसीत ‘वैयक्तिक दायित्व’ म्हणून जो भाग असतो, ज्याच्या आधारावर आपण निर्धास्त असतो, त्यातून मोटारवाहनामुळे दुसऱ्याला झालेली इजा बहुधा वगळलेली असते. परवाना असो वा नसो. पॉलिसीचा तो परिच्छेद घरी बसून वाचा. तिथे पोलिसांनी विनापरवाना म्हणून दंड केला आणि पावती दिली, तर ती पावती काही परवाना होत नाही.

परवाना काढणे ही माझ्या लेखी कागदी औपचारिकता नाही. समोरून येणाऱ्या त्या अनोळखी माणसाला आपण दिलेली ती हमी आहे की मला ही गाडी चालवता येते आणि चुकलोच तर माझ्यामागे काहीतरी उभे आहे. ही हमी देता येत नसेल तर स्कूटर घेऊ नये. क्राबीत, फुकेतमध्ये टॅक्सी मिळते, सोंगथेव नावाच्या सामायिक गाड्या मिळतात, थोडे अधिक पैसे मोजावे लागतात इतकेच.

पासपोर्टही गहाण ठेवू नका. भारतीय पासपोर्ट आपल्या खिशात असला तरी 1967 च्या पासपोर्ट कायद्यानुसार तो केंद्र सरकारच्या मालकीचा असतो; तो गहाण टाकण्याचा अधिकारच आपल्याला नाही. अपघात झाला की ओळख पटवायला पोलीस तोच मागतात, आणि तो दुकानदाराच्या गल्ल्यात असतो. मग दुकानदार म्हणेल ती गाडीची किंमत द्यावी लागते. रोख अनामत ठेवा, गाडीवरचे जुने ओरखडे सुरुवातीलाच मोबाइलवर टिपून घ्या. जो दुकानदार पासपोर्टशिवाय गाडी देत नाही त्याची गाडी नको.

सहली नेणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे. ‘एक दिवस स्कूटरवर बेटाची सैर’ असे कार्यक्रमपत्रिकेत छापताना परवाना तपासला का, विमा पाहिला का, हे विचारण्याची जबाबदारी तुमची. गटातल्या कुणाकडून अपघात झाला तर बाकीच्यांना बसमध्ये बसवून पुढच्या धबधब्याकडे नेऊ नका. एक जाणता माणूस त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात आणि इस्पितळात थांबलाच पाहिजे. सोबतच्या मित्रांनीही खरे पाहिले ते सांगावे, मित्राला वाचवायला खोटी साक्ष देऊ नये.

आणि घरच्यांनो, रात्री-अपरात्री तिकडून फोन येईल तेव्हा सारे तुमच्या पहिल्या वाक्यावर ठरते. मुलगा घाबरलेला असतो, तो तुमच्याकडून परवानगीच मागत असतो, थांबण्याची किंवा पळण्याची. ‘अरे, सामान आवर आणि निघ तिथून’ हे आईबापाच्या काळजातून येते, मला कळते. तरीही ते म्हणू नका. आधी विचारा, ‘ज्याला लागलं तो कसा आहे?’ मग म्हणा, ‘त्याच्याजवळ थांब, दूतावासाला कळव, पैशांचं मी बघतो.’ तिकीट पुढे ढकला, रजा वाढवा, लागेल तो वकील करा, आणि त्या घराचे जे देणे निघेल ते दिल्यावरच मुलाला परत बोलवा.